उशिराचं कारण

त्याच्याइतक्या उशिरा काम पुरं करणारा ओव्हरसियर आमच्या खात्यात दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतकं कौतुकही दुसऱ्या कुणाचं झालं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी काम वेळेत करायचो. माझ्या भिंतींना ओळंबा लावून बघा, दोरी भिंतीपासून हलायची नाही. पण आम्हा निवृत्त मंडळींत घरबांधणीचा विषय निघाला की सगळे त्याची आठवण काढतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, आणि मी चहाच्या कपात बघत बसतो. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, वाटतो.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष सरलं त्यानंतरची गोष्ट. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायका आणि मागावर काम करणारी कुटुंबं यांच्यासाठी सरकारी पैशातून वसाहत बांधायची ठरली. जागा गावाबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्याला. नुसता मुरूम आणि बाभळी. मधोमध एक रस्ता आखला, त्याच्या उगवतीकडच्या चाळी त्याच्या ताब्यात आणि मावळतीकडच्या माझ्या. आम्ही दोघं एकाच वर्षी डिप्लोमा होऊन एकाच वर्षी नोकरीला लागलेले. तो वळसंगचा, मी बार्शीचा. त्याच्या घरात निम्मं बोलणं कानडी. त्यामुळे मजूर उशिरा आला की तो मराठीत ओरडायचा नाही, कानडीत शांतपणे "याके?" म्हणून विचारायचा. म्हणजे "का?" आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचा नाही. बायको बाळंत झाली असं सांगणाऱ्या एका गवंड्याबरोबर तो मिठाई घेऊन त्याच्या घरी गेला होता. बायको दारात धुणं वाळत घालत होती. तिला त्याने मिठाई दिली, गवंड्याला एक शब्द बोलला नाही, आणि तो गवंडी त्याच्याकडे पुन्हा कधी उशिरा आला नाही. माझ्याकडे आला असता तर मी त्याचा खाडा मांडला असता, आणि तेच बरोबर झालं असतं.

आता फलकाचं सांगतो. सरकारी पैशाचं बांधकाम म्हटलं की जागेवर फलक लावायचा असा नियम होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. योजनेचं नाव, पैसा कुणाचा, कंत्राटदार कोण, कार्यकारी अभियंता कोण, काम सुरू कधी झालं आणि पुरं कधी होणार. बहुतेक साईटवर तो फलक मोठे साहेब येणार असले की आदल्या दिवशी उगवायचा. कंत्राटदार तर एकच पत्रा गावभर फिरवायचे, वरची ओळ तेवढी बदलायची. पुरं कधी होणार ही जागा सगळे कोरी ठेवायचे, फार तर खडूने लिहायचे.

त्या नमुन्यात ओव्हरसियरचं नाव नव्हतं. हे माझं जुनं दुखणं. उन्हात विटा मोजायच्या आम्ही, सिमेंटच्या पोत्यांवर पहारा करायचा आम्ही, आणि पत्र्यावर नाव जीपमधून येऊन रुमालाने तोंड पुसणाऱ्याचं. माझे वडील बार्शीहून आले की हौसेने साईट बघायला यायचे. फलकासमोर चष्मा लावून उभे राहायचे, वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि विचारायचे, "ह्यात तुझं नाव कुठंय रे?" नोकरीत मला फार काही नको होतं. एखाद्या सरकारी फलकावर एकदा माझं नाव लागावं आणि ते वडिलांनी वाचावं, एवढंच हवं होतं. मी एकदा धीर करून साहेबांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, नमुन्यात नाही.

आणि हा गृहस्थ! याला नावाचं काही नव्हतं, फलकाचं मात्र वेड. उगवतीकडे फलक उभा राहिल्याशिवाय त्याने आखणीची चुन्याची फक्की टाकू दिली नाही. नारळसुद्धा पायाशी न फोडता फलकापाशी फोडला. कंत्राटदार कुरकुरला, पण याने ऐकलं नाही. फलक किती उंच असावा हेही नियमात होतं. त्याने मुद्दाम खाली बसवला. का, तर विडीच्या पानांची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईला मान वर करता येत नाही. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या शेळ्या त्या पत्र्याला अंग घासायच्या आणि अक्षरं पुसायची. मग हा पिशवीतून रंगाचा डबा काढून, मुरमात मांडी घालून ती पुन्हा रंगवत बसायचा. जेवायचाही तिथेच, त्या पत्र्याच्या वीतभर सावलीत, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

काम पुरं होण्याची तारीख त्याने ऑइलपेंटने लिहिली. ती तारीख आली आणि गेली. चाळींची जोती सुद्धा धड वर आली नव्हती. दुसरा कुणी असता तर रात्रीतून तारीख पुसली असती. याने त्याखाली एक ओळ वाढवली. "उशीर झाला. कारण: सिमेंटचं परमिट आलं नाही." पुढच्या हप्त्याला तिच्याखाली दुसरी. "उशीर झाला. कारण: परमिट आलं, सिमेंट आलं नाही." मग एकदा, "कारण: गवंड्याच्या घरी लग्न. मीही गेलो होतो." आणि एकदा, "कारण: माझी चूक. मोऱ्यांची दारं उलट्या बाजूला आखली."

लोक जमायला लागले. ज्यांना ती घरं मिळणार होती ते तर येतच, पण ज्यांचा काही संबंध नव्हता तेही हप्त्यातून एकदा चक्कर टाकायला लागले. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना हा स्वतः वाचून दाखवायचा, आधी मराठीत, मग विडीवाल्या बायकांची बोली म्हणून मोडक्यातोडक्या तेलुगूत. त्याचं तेलुगू ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. ज्याच्यामुळे घर लांबलं त्याला शिव्या द्यायच्या सोडून लोक त्याच्यासाठी ताक घेऊन यायचे. रस्त्याच्या पलीकडे माझ्या चाळी भराभर वर चढत होत्या. माझा फलक स्वच्छ होता. त्यावर वाढवायला काही नव्हतं, म्हणून वाचायलाही काही नव्हतं. माझ्याकडे शेळ्यासुद्धा फिरकायच्या नाहीत.

त्याच सुमारास मी आमच्या सौभाग्यवतींना साईट दाखवायला नेलं. माझी इच्छा अशी की तिने जरा कोपरे बघावेत, दारांवरच्या लिंटलची रेघ बघावी, आपला नवरा काय करतो ते कळावं. ती उतरली आणि सरळ पलीकडे गेली. फलक वाचून ती इतकी हसली की मुरमात पाय घसरला. परत आल्यावर मला म्हणाली, "भावजींचं बघितलं, आता तुमचं दाखवा." मी माझा फलक दाखवला. ती म्हणाली, "ह्यात काहीच नाही की हो."

त्याच्याविषयी तिचं मत तसंही चांगलं होतं. आमच्या धाकटीच्या बारशाला सगळे उशिरा आले होते. कुणी बसची सबब सांगितली, कुणी पाहुण्यांची. हा पाळणे म्हणून झाल्यावर आला आणि दारातच म्हणाला, "वैनी, झोप लागली." सौ. गेली कित्येक वर्षं ही गोष्ट माहेरी सांगते. मी त्या बारशाचे पेढे आणायला उन्हात गावभर फिरलो होतो, ते ती सांगत नाही.

त्याच्या घरीसुद्धा हाच प्रकार. एकदा जेवायला गेलो तर दाराच्या आतल्या बाजूला पाटी टांगलेली. "आज भाजी नाही. कारण: मंडईत बोलत बसलो." त्याची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "आता तुमीच सांगा भावजी, ह्ये काय लिवायचं हाय का?" मी अगदी मनापासून नाही म्हटलं. मग तिने त्याच्याच ताटात आधी वाढलं.

एके दिवशी कार्यकारी अभियंता जीपने आले. मी पुढे झालो, माझ्या चाळी दाखवल्या. त्यांनी मान डोलावली. मग पलीकडचा जमाव बघून तिकडे वळले. "माझी चूक" वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, हे काय चाललंय, कारणं वर कळवायची असतात, ऑफिसात. तो म्हणाला, "वर कळवलेलं कारण वरच ऱ्हातंय, सायेब. उशीर तेवढा खाली होतोय की."

मी मनातून खूश झालो. म्हटलं, आता मिळाला मेमो. आणि साहेब हसले. चांगले खांदे हलवून हसले. मी नोकरीभर वेळेत काम केलं, त्या माणसाला एकदाही हसवू शकलो नाही.

पण फार दिवस हे चालणार नव्हतं. एकदा सिमेंटचा ट्रक आमच्या वसाहतीसाठी निघाला आणि वाटेत कुठेतरी रिकामा झाला. सगळ्यांना ठाऊक होतं कुठे. याने ओळ लिहिली, "उशीर झाला. कारण: आपलं सिमेंट एका बंगल्याच्या गच्चीवर गेलं." नाव लिहिलं नव्हतं, पण त्या बाजूला नवी गच्ची घातलेला बंगला एकच होता. ज्याला लागायचं त्याला लागलं. ती ओळ निळ्या रंगाने पुसली गेली आणि त्याची बदली सांगोल्याला झाली.

तो निघाला त्या दिवशी बायका कामं टाकून आल्या. कुणी शेंगा दिल्या, कुणी इरकल खण दिला बायकोसाठी. म्हातारे मागवाले त्याचा हात सोडेनात. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी पलीकडून बघत होतो. माझ्या चाळी तारखेच्या आधी पुऱ्या झाल्या होत्या. त्याबद्दल मला "समाधानकारक" असा शेरा मिळाला होता.

उगवतीकडचं काम माझ्याकडे आलं. जाताना त्याने रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बोर्डाकडं बघ रे. लोक येत्यात वाचायला." मी डबा चौकीदाराच्या खोलीत ठेवून दिला. मनात म्हटलं, आता वाचायचं काही उरणारच नाही. तुझं रखडलेलं काम मी असं झपाट्याने पुरं करतो की लोकांना तुझं नाव आठवायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी त्याच्या भिंतींना ओळंबा लावला. सगळ्या ठीक निघाल्या. शेवटच्या चाळीची मागची भिंत मात्र ओळंब्याच्या सूतभर बाहेर होती. मुकादम म्हणाला, "सायेब, एवढं तर गिलाव्यात जातंय की." मी म्हटलं, ओळंबा म्हणजे ओळंबा. पाडा. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, गवंड्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि भिंत पाडली. ती पुन्हा चढवायला वेळ लागला, तेवढ्यात सिमेंट संपलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात साहेबांना सांगितलेली तारीख टळली. माझ्या नोकरीतला तो पहिला उशीर.

त्या हप्त्याला लोक नेहमीप्रमाणे आले. फलकासमोर उभे राहिले, खाली नवी ओळ शोधली आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी ऑफिसचा माणूस, मी चौकीदाराकडून डबा मागवला आणि छान टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "अपरिहार्य कारणास्तव उशीर झाला." एका पोरीने ते मोठ्याने वाचलं. नरसम्मा म्हणून एक विडी वळणारी बाई होती, तिला त्या शेवटच्या चाळीतलं घर मिळणार होतं. ती गळक्या पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायची आणि इथे दर हप्त्याला येऊन आपल्या घराच्या जागी उभी राहायची. तिने विचारलं, अपरिहार्य म्हंजी काय. मी सांगितलं, टाळता न येणारं.

"कुनाला टाळता आलं न्हाय?" ती म्हणाली.

तिने परत विचारलं, भिंत चांगली उभी होती, ती पाडली कुणी. मागून मुकादम खोकला. मला सांगावं लागलं, मी पाडली.

"मग तसं लिवा की, सायेब."

रागाने माझे कान गरम झाले. पण एवढे लोक उभे, आणि त्या पत्र्यावर वरपासून खालपर्यंत त्याच्या हातची कारणं. मी ब्रश बुडवला आणि "भिंत मी पाडली" असं लिहायला घेतलं. 'भिंत' लिहून झालं आणि हात थांबला. कारण त्या फलकावर 'मी' म्हणजे तोच होता. 'माझी चूक' त्याची, 'मीही गेलो होतो' तोच. मी नुसतं 'मी' लिहिलं असतं तर उद्या वाचणारा म्हणाला असता, बघा, त्या मोठ्या मनाच्या माणसाने आपली भिंत आपणच पाडली. ओळंबा मी लावायचा, शिव्या मी खायच्या, आणि माझ्या उशिराचं श्रेयसुद्धा त्यालाच? हे मला सहन झालं नसतं.

म्हणून मी माझं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, हुद्द्यासकट. "उशीर झाला. कारण: शेवटच्या चाळीची भिंत अमुक अमुक यांनी पाडून पुन्हा बांधायला लावली." पोरीने ते वाचलं. नरसम्मा म्हणाली, "आता कळलं," आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. सरकारी फलकावर माझं नाव लागलं ते असं. वडील त्या महिन्यात दोनदा आले, मी त्यांना साईटवर नेलं नाही.

चाव्या वाटायच्या दिवशी तो सांगोल्याहून आला. अर्थात समारंभ संपल्यावर. आल्या आल्या भेटेल त्याला कारण सांगत सुटला, मंगळवेढ्याला चहाला उतरलो आणि गाडी निघून गेली. बायकांनी त्याला घेरलं. मग तो फलकापाशी गेला आणि जुनी ओळख असल्यासारखा एकेक ओळ वाचत खाली आला. शेवटच्या ओळीवर थांबला. भिंत त्याची होती, तेव्हा आता काहीतरी बोलेल, भांडेल, अशी माझी तयारी होती. तो उकिडवा बसला आणि रुमालाने माझ्या नावावरची धूळ पुसली.

"नाव घालायचं मला सुचलंच न्हाय रे," तो म्हणाला. "मी आपलं माजी चूक, माजी चूक लिवत बसलो. मी कोन, त्ये लोकास्नी कुटं कळतंय?"

भिंतीबद्दल अक्षर नाही. पण त्याचा चेहरा मी नीट बघितला. पडलेला होता. त्याच्यापेक्षा चांगलं काहीतरी दुसऱ्याने केलं आणि ते आपल्याला सुचलं नाही, हे त्याला लागलं होतं. तो चेहरा मी जन्मभर ओळखतो, आरशात रोज बघत होतो. मला इतका आनंद झाला की मी नरसम्माच्या नव्या घरात बसून दोनदा चहा घेतला.

हा आनंद पुढचा उन्हाळा येईपर्यंत टिकला. मग सांगोल्याकडून येणारे लोक सांगायला लागले की तिकडे एक ओव्हरसियर आहे, प्रत्येक कामाच्या फलकावर उशिराचं कारण लिहितो आणि पुढे स्वतःचं नाव घालतो. हौदाचं काम असो, शाळेची खोली असो, खाली याचं पूर्ण नाव. लोक लांबून बघायला येतात म्हणे. पुढे तो निवृत्त झाला, पुढे गेलाही. त्याच्या मयताला सांगोल्याहून माणसं आली होती. मीही गेलो होतो, वेळेवर.

परवा आमच्या निवृत्तांच्या बैठकीत कुणीतरी पुन्हा त्याची गोष्ट काढली आणि शेवटी म्हणालं, सरकारी फलकावर स्वतःची चूक स्वतःच्या नावानिशी लिहिणारा पहिला माणूस तोच. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तोंड उघडलं. पहिला मी होतो. सांगोल्याच्या आधी, त्याला सुचायच्या आधी, अक्कलकोटच्या रस्त्याला, ऑइलपेंटने. पण एवढं सांगितलं की कुणीतरी विचारणार, कशाबद्दल लिहिलं होतं? मग भिंत सांगावी लागणार. भिंत कुणी बांधली होती ते सांगावं लागणार. आणि ती ओळंब्याच्या किती बाहेर होती, हे तर आमच्यातला कुणीही विचारेल, सगळे याच धंद्यातले.

"हो," मी म्हणालो, "तोच पहिला."